स्वल्पविरामाच्या चाकरीतून सुटका: झोटेरोसोबत अकरा वर्षं

मी विद्यापीठात अकॅडेमिक रायटिंग शिकवते. म्हणजे नेमकं काय करते, हे मला घरच्यांनाही धड सांगता आलेलं नाही. भाषा शिकवतेस का? नाही. मग संशोधन कसं करायचं ते? तेही नाही. संशोधन करून बसलेल्या माणसाला ते कागदावर उतरवायला शिकवते. दुसऱ्याचं म्हणणं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे, एवढंच खरं तर. वर्गात रसायनशास्त्राचा एक असतो, इतिहासाची एक असते, नर्सिंगच्या दोघी असतात, आणि यायचं कोणालाच नसतं. कोर्स सक्तीचा म्हणून येतात.

या नोकरीतली पहिली सहा वर्षं मी स्वल्पविराम मोजण्यात घालवली. सत्र संपत आलं की टेबलावर चाळीसेक प्रकरणं यायची, प्रत्येकाच्या शेपटीला चार-पाच पानांची संदर्भसूची. वर्षाच्या कंसानंतर पूर्णविराम आहे का? नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत आहे का? खंड तिरपा, अंक मात्र सरळ आणि कंसात, असं आहे का? हिरव्या पेनने (लाल पेन दिसलं की मुलं मिटतात, हा माझा जुना समज) गोल करत सुटायचं. एवढं झाल्यावर मूळ लिखाण काय म्हणतंय ते वाचायला डोळ्यांत त्राणच उरायचं नाही. मुलं हुशार. मॅडम शेवटची पानं आधी बघतात, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. मग मेहनतही तिथेच व्हायची.

मधल्या काळात विद्यापीठाने पैसे भरून संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाव घेत नाही. बरं चाललं होतं, पण एका वर्षी परवान्याचं नूतनीकरण कोणाच्या तरी फायलीत अडकलं आणि माझ्या एका विद्यार्थिनीचे तीन वर्षांचे संदर्भ कुलूपबंद झाले. ती माझ्या खोलीत येऊन नुसती बसून राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या सहकाऱ्याने मला झोटेरो बसवून दिला, संदर्भ गोळा करून त्यांची यादी आपोआप लावून देणारा प्रोग्रॅम. म्हणाला, "फुकट आहे, आणि तुमचं सगळं तुमच्याच संगणकावर राहतं. उद्या ते लोक दुकान बंद करून गेले तरी फायली तुमच्या." या दुसऱ्या वाक्यावर मी भाळले.

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून बाहेर आला. तेव्हा तो फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा एक तुकडा होता, स्वतंत्र प्रोग्रॅम नंतर झाला. इतिहासवाल्यांच्या हातचा आहे हे वापरताना जाणवतं. नोंदीचे प्रकार बघा: पुस्तक आणि लेख तर असतातच, पण पत्र, हस्तलिखित, नकाशा, मुलाखत यांनाही स्वतःची जागा आहे, आणि अभिलेखागारात तो कागद कुठे ठेवलाय ते लिहायला वेगळा रकाना. माझ्या इतिहासाच्या मुलांना पहिल्यांदाच कोणीतरी आपला विचार केल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव अल्बेनियन भाषेतल्या एका क्रियापदावरून घेतलंय. त्याचा अर्थ मिळवणं, ताब्यात घेणं, आणि एखादी गोष्ट शिकून तिच्यावर हुकमत मिळवणं. हे दोन अर्थ एका शब्दात राहतात, माणसात मात्र फार क्वचित. त्याकडे येतेच.

आधी साधी गोष्ट. ब्राउझरमध्ये एक बटण बसतं. लेखाच्या पानावर असाल तर ते पानाच्या चित्राचं होतं, पुस्तकावर असाल तर पुस्तकाचं, शोधाच्या निकालांवर असाल तर फोल्डरचं. दाबलं की लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं, सगळं आपोआप नोंदीत येऊन बसतं, मिळत असेल तर पीडीएफही. पुस्तक हातात असेल तर जादूच्या छडीच्या चिन्हावर क्लिक करून मागचा आयएसबीएन क्रमांक टाका. लेखाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकला तरी चालतो. वर्गात हे पहिल्यांदा दाखवलं की मागच्या बाकावरून "अरे यार" ऐकू येतं. त्यानंतरची पंधरा मिनिटं माझ्याकडे कोणी बघत नाही, सगळे बटणं दाबत असतात. मी त्यांना दाबू देते.

मग पंखा कमी करायला सांगते आणि वाईट बातमी देते: आत जे आलंय ते संकेतस्थळाने दिलं तसं आलंय. तिथे लेखकाचं नाव सगळं मोठ्या लिपीत असेल तर तुमच्याकडेही तसंच. संस्था लेखक असेल आणि तुम्ही तिचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत भरलं असेल, तर यादीत 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' नावाचे एक गृहस्थ अवतरतात. जागतिक आरोग्य संघटनेचे हे चिरंजीव माझ्याकडे दर सत्रात किमान दोनदा तरी येतात. उपाय एका क्लिकचा आहे. नावाशेजारच्या बारीक खुणेवर दाबून रकाना एकच करायचा. इंग्रजी शीर्षकांचंही तसंच. ती साध्या वाक्यासारखी साठवायची, फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी. संदर्भ लिहिण्याच्या ज्या शैलीला प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लागतं तिच्यासाठी झोटेरो ते स्वतः करून देतो. उलट मात्र भरवशाने जमत नाही, कारण यातलं विशेषनाम कोणतं हे यंत्राला कोण सांगणार? देवनागरीत मोठं-छोटं अक्षरच नाही, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्या मुलांना ही एक कटकट आयती वाचते. बदल्यात दुसरी मिळते. झोटेरो अख्ख्या दस्तऐवजाची भाषा एकच धरतो, त्यामुळे ती इंग्रजी ठेवली तर मराठी लेखकांच्या मागेही 'एट ऑल.' (म्हणजे 'आणि इतर') लागतं. देवनागरी नावं तुमच्या शैलीत कशी उमटतात हे पाच संदर्भ टाकून आधीच बघून ठेवा. पाचशे टाकल्यावर बघू नका.

लिहिताना तो वर्डमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये बसतो. बटण दाबा, लेखकाचं नाव टाइप करा, निवडा, मजकुरात संदर्भाचा कंस तयार. खाली यादीही आपोआप वाढत जाते, आणि मजकुरातून एखादा संदर्भ गेला की यादीतूनही जातो. याची खरी किंमत मला २०१९ च्या शेवटी कळली. एपीए (अमेरिकेतल्या मानसशास्त्र संघटनेच्या) शैलीची सातवी आवृत्ती आली आणि पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव यादीतून गेलं. तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखात 'आणि इतर' लावायचं ठरलं. सहाव्या आवृत्तीत पाच लेखकांपर्यंत पहिल्यांदा सगळी नावं लिहावी लागायची. यादीतल्या एका नोंदीत आता वीस लेखकांपर्यंत नावं द्यायची. हाताने यादी केलेल्या मुलांनी तो आठवडा गावांची नावं खोडण्यात काढला. झोटेरोवाल्यांनी शैलीच्या यादीतून सहाऐवजी सात निवडलं आणि निघून गेले. एकाने वर मला विचारलं, "मॅडम, एवढंच?" एवढंच.

पण आता शिकवणाऱ्याच्या नजरेने बोलते, कारण या मुद्द्यावर मी कोणाशीही दोन तास वाद घालू शकते. झोटेरो कंस बरोबर टाकतो. कंस कुठे टाकायचा, हे त्याला कळत नाही. मुलं लिहितात: 'अमुक यांच्या मते गृहपाठाने फरक पडत नाही (अमुक, २०१४).' अमुक दोनदा. वाक्यात नाव आलंय, तर कंसात फक्त वर्ष राहिलं पाहिजे. त्यासाठी त्या संदर्भावर क्लिक करून लेखकाचं नाव गाळण्याची खूण करावी लागते. हे शिकवायला मला एक मिनिट लागतं. त्यामागचा प्रश्न शिकवायला अख्खा तास लागतो: नाव वाक्यात का घेतलंस? तुला अमुक या माणसाशी बोलायचंय, की फक्त त्याच्या आकड्याचा आधार हवाय? बोलायचं असेल तर तो वाक्याचा कर्ता होऊ दे. आधारच हवा असेल तर त्याला कंसात पाठव आणि वाक्य तुझं ठेव. ज्या दिवशी एखाद्या मुलीला हा फरक कळतो, त्या दिवशी तिच्या परिच्छेदांचा चेहरा बदलतो. आधी प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी नावाने सुरू होत असतं, हजेरी घेतल्यासारखं. पूर्वी या चर्चेला माझ्याकडे वेळच नसायचा. तो तास स्वल्पविराम खायचे.

पान क्रमांकाचंही सांगून टाकते. शब्दशः उतारा घेतला की पान द्यायचं, आणि संदर्भ टाकताना पानाचा रकाना समोरच असतो. मुलं तिथे पीडीएफमधलं पान टाकतात: ३. नियतकालिकात तेच पान २१७ असतं. एवढ्या साध्या चुकीवरून परीक्षक उतारा शोधायला जातो, त्याला तो सापडत नाही, आणि त्याच्या मनात जे येतं ते अहवालात उतरतं.

आता त्या दोन अर्थांकडे. २०२२ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि झोटेरोच्या आतच पीडीएफ वाचायची सोय झाली. रंगीत खुणा करायच्या, बाजूला टिपणं लिहायची, मग एका क्लिकने त्या सगळ्यांची एक नोट काढायची. नोटमधल्या प्रत्येक उताऱ्यासोबत संदर्भ आणि पान येतं, त्यावर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर जाता येतं. माझ्या मते अख्ख्या झोटेरोतली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. बटण दाबून संदर्भ गोळा करणं अनेक साधनांना जमतं. उतारा आणि त्याचा मूळ पत्ता यांची ताटातूट न होणं, हे फार थोड्यांना साधतं. मी पाहिलेल्या वाङ्मयचौर्याच्या प्रकरणांत लबाडीपेक्षा गबाळेपणा कितीतरी जास्त होता. सहा महिन्यांपूर्वी वहीत उतरवलेलं एक छान वाक्य. अवतरणचिन्हं नाहीत, पान नाही. आज ते स्वतःचंच वाटतं, आणि तसंच प्रबंधात जातं. टिपण पहिल्या दिवसापासून पत्त्यासकट राहिलं तर हा अपघात होत नाही.

आणि तरीही ही सोय वापरणारी मुलं मोजकीच. दोन वर्षांपूर्वी पीएच.डी.चा एक मुलगा पूर्वसाहित्याचा आढावा घेऊन आला. सत्तर पानं. वाचताना सारखं वाटत होतं की हा लेखांच्या सारांशांवरून बोलतोय, लेखांवरून नाही. मी म्हटलं, "झोटेरो उघड." ६१२ नोंदी. "आता नोंद कधी केली त्या रकान्यावर क्लिक कर." तारखा ओळीने लागल्या. जवळजवळ सगळ्या नोंदी दोन रात्रींतल्या. अकरा ते दीड. टिपणं शून्य.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं माझं वाचन झालंय." खोटं बोलत नव्हता तो. फोल्डर भरलेलं दिसलं की डोकंही भरल्यासारखं वाटतं, आणि झोटेरो फोल्डर भरायला इतकी मदत करतो की हा भ्रम त्याच्या सोयीतूनच वाढतो. याला मी त्याचा दोष म्हणू का? अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून मी मूल्यमापनात यादीला गुण देत नाही, टिपणांना देते. बारा लेख, प्रत्येकावर स्वतःच्या शब्दांतलं किमान एक टिपण, वर्गाच्या सामायिक ग्रुपमध्ये टाकलेलं. ग्रुप फुकट करता येतात, आणि कोणी काय टाकलं ते मला दिसतं. त्या मुलाने ६१२ मधले ४० ठेवले. आढावा सत्तर पानांवरून तीसवर आला आणि पहिल्यांदा वाचनीय झाला.

अलीकडे एक नवीनच काम या साधनाला लागलंय, ज्यासाठी ते कोणी बनवलं नव्हतं. एआय चॅटबॉटकडून आणलेले संदर्भ. दिसायला देखणे असतात: लेखक खरे वाटतात, नियतकालिक खरंच असतं, खंड-अंक जुळतात, डीओआयसुद्धा असतो. मी काही बोलत नाही. विद्यार्थिनीला शेजारी बसवते आणि म्हणते, "हा डीओआय छडीत टाक बरं." मग एक तर काहीच सापडत नाही, किंवा शिक्षकांच्या मानसिक थकव्यावरच्या लेखाच्या जागी माशांच्या कल्ल्यांवरचा लेख प्रकट होतो. मागच्या सत्रात नेमके मासेच आले होते. ती मुलगी आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला, आणि मग उरलेले अकरा संदर्भ तिने स्वतःच एकेक करून टाकून बघितले. मी व्याख्यान देऊन हे साधलं नसतं. आणखी एक: एखादा लेख नंतर मागे घेतला गेला असेल, तर झोटेरो तुमच्या नोंदीवर लाल फुली दाखवतो. ही माहिती तो मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचकडून घेतो, २०१९ पासून. वैद्यकीय विषयांच्या मुलांसाठी एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

अडचणी सांगते. फुकट साठवण ३०० एमबी, म्हणजे पीडीएफ जमवणाऱ्याला लवकरच अपुरी पडते. नोंदींना मर्यादा नाही, फक्त जोडलेल्या फायलींना आहे. जागा विकत घेता येते, किंवा फायली सिंक न करता (म्हणजे झोटेरोच्या सर्व्हरवर न चढवता) आपल्याच संगणकावर ठेवता येतात. ग्रुपमधल्या फायली ग्रुप काढणाऱ्याच्या खात्यात मोजल्या जातात. वर्गाचा ग्रुप माझ्या नावावर, त्यामुळे मी फायली टाकू देत नाही, फक्त नोंदी आणि टिपणं. दोघांनी मिळून एकच लेख लिहायचा असेल तर दोघांनीही एकाच ग्रुपमधून संदर्भ टाकावेत. आपापल्या खासगी संग्रहातून टाकले तर झोटेरोच्या लेखी ती दोन वेगवेगळी पुस्तकं असतात, आणि यादीत जुळी निघतात. वर्डमध्ये तयार झालेल्या कंसात हाताने फेरफार करू नका. तसं केलं की तो विचारतो, आणि हो म्हटलं तर पुढे तो कंस आपोआप बदलायचं सोडून देतो. पृष्ठ किंवा नाव बदलायचं तर कंसावर क्लिक करून त्याच्या खिडकीतूनच बदला.

एक मूर्खपणा माझा स्वतःचा. दोन संगणकांवर सगळं एकसारखं राहावं म्हणून मी झोटेरोचं अख्खं डेटा फोल्डर उचलून एका क्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवलं होतं. तसं करू नका, डेटाबेस बिघडू शकतो, असं झोटेरोच्या सूचनांत स्वच्छ लिहिलेलं आहे. सूचना वाचा असं मुलांना सांगणाऱ्या बाईने त्या वाचल्या नव्हत्या. डेटाबेस गेला. सिंक चालू होतं म्हणून नोंदी परत आल्या, सिंक न केलेल्या काही फायली गेल्या त्या गेल्याच. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे आता मी पहिल्याच तासाला सांगते. फोल्डरची एक प्रत महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर ठेवा, झोटेरो बंद करून.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सर आहेत, त्यांचं म्हणणं की हे सगळं मुलांना पांगळं करतं, संदर्भ हातानेच लिहायला हवेत. त्यांना मी पूर्ण चूक म्हणत नाही. यादीत एखादी नोंद बिघडली आहे हे ओळखायचं तर बरोबर नोंद कशी दिसते ते ठाऊक हवं, नाहीतर डब्ल्यू. एच. ऑर्गनायझेशन सुखाने छापून येतात. म्हणून माझ्या कोर्समध्ये पहिले तीन संदर्भ हाताने लिहायचे: एक पुस्तक, एक लेख, एक संपादित ग्रंथातलं प्रकरण. तिसरा सगळ्यांचा चुकतो. ते झालं की झोटेरो उघडायचा. सर अजून नाराजच आहेत, पण गेल्या वर्षी त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना त्यांनी 'त्या मॅडमकडून ते काय आहे ते बसवून घ्या' म्हणून पाठवलं.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो नोंदी साफ करण्यात जाणाऱ्या वेळाचा.

कोणी घ्यावा? पहिल्या सत्रातल्या प्रत्येकाने, पहिल्याच आठवड्यात. तुमच्या नियतकालिकाला साधी फाइल हवी असेल तर पाठवण्याआधी झोटेरोशी असलेले दुवे तोडून साधा मजकूर करायचा पर्याय आहे, पण तो उलटवता येत नाही, म्हणून आधी प्रत काढून ठेवा. आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असतील तर कृपा करून आत्ता काही नवीन बसवू नका. आहे ती यादी हातानेच नीट करा, हिरवं पेन लागलं तर माझ्याकडे आहे.